आधण चढल्यावर बोलायचं नसतं

मलकापूरच्या एसटीत बसताना मी आता डावीकडची खिडकी धरत नाही. कोल्हापुरातून निघून गाडी रत्नागिरी रस्त्याला लागली, की काही वेळाने भूपालअण्णांचं गुऱ्हाळ डाव्या हाताला येतं. उजवीकडे बसलं की ते दिसत नाही. पण दिवाळी होऊन गेली, सकाळच्या गाडीत स्वेटर दिसायला लागले, की वास काही डावं-उजवं बघत नाही. उकळत्या रसाचा, जळत्या चिपाडांचा, थोडा करपट आणि पुष्कळ गोड असा तो वास एसटीच्या सैल काचांमधून आत येतो. मागच्या सीटवरची एखादी मावशी म्हणते, “लागली बघा गुऱ्हाळं.” मग गाडीतल्या माणसांचे चेहरे जरा सैल होतात. मी तेवढ्यात मोबाईल काढते आणि काहीतरी शोधत असल्यासारखं करते.

शोधणं हाच आता माझा धंदा आहे, असं म्हणायला हरकत नाही. लोक फोनवर काय शोधतात ते मी बघते आणि एखाद्याचं दुकान, दवाखाना, कारखाना त्या शोधात वर कसा येईल याचं काम करते. याला एसईओ म्हणतात. मी बी.कॉम.च्या शेवटच्या वर्षाला आहे, राजारामपुरीत कॉट बेसिसवर राहते आणि खोलीवर बसूनच दोन-तीन लोकांची अशी कामं करते. कॉलेजात जाणारी आमच्या घरातली मी पहिली. त्यामुळे मी काय करते हे घरात कुणाला नीट कळत नाही आणि मलाही ते नीट सांगता येत नाही. आई शेजारणीला सांगते, “ती मोबाईलवर लोकांची नावं वर चढिवती.” माझ्या मते ही व्याख्या बरोबर आहे.

मी पहिल्यांदा वर चढवलं ते भूपालअण्णांच्या गुऱ्हाळाचं नाव. त्या गुऱ्हाळात माझे वडील, आप्पा, गुळव्या होते.

गुळव्या म्हणजे काय, हे हल्ली सांगावं लागतं. चरकातून निघालेला रस मोठ्या काहिलीत पडतो, खाली चुलवाणात चिपाडं धडाडत असतात. काहीलभर रस एकदा उकळून त्याचा गूळ होतो, त्याला एक आधण म्हणतात. या आधणाचा मालक कागदोपत्री कुणीही असो, ते चुलीवर असेपर्यंत गुळव्याचं असतं. मळी कधी काढायची, रस निवळायला भेंडीचं पाणी कधी सोडायचं, जाळ कधी ओढायचा आणि काहील नेमकी कधी उतरायची, हे तोच ठरवतो. घड्याळ नाही, मापटं नाही. आप्पा डाव्या हाताची बोटं गार पाण्यात बुडवायचे, तीच बोटं उकळत्या पाकात घालायचे आणि पुन्हा पाण्यात. बोटांवर जमलेल्या पाकाची गोळी वळायचे आणि ताटात टाकायचे. ताट वाजलं की ते नुसती मान हलवायचे. चार माणसं धावून काहील उतरायची. दोन मिनिटं इकडची तिकडं झाली तर ढेप बसत नाही, नाहीतर करपते.

म्हणून गुऱ्हाळात एक रीत होती. रस गरम होईस्तोवर हसा, बोला, शिव्या द्या. पण आधण चढलं, फेस काहिलीच्या काठाला आला, की गुळव्याशी कुणी बोलायचं नाही. मालकानेसुद्धा नाही. मी चौथी-पाचवीत असताना सुट्टीला तिथे जायचे. एकदा पाढा अडला म्हणून भर आधणात “आप्पा, सतरा साते?” असं विचारलं होतं. भूपालअण्णा माझा हात धरून मला उसाच्या ढिगापर्यंत घेऊन गेले आणि म्हणाले, “बाई, देवाला इचार, मास्तराला इचार. आता त्याला इचारू नगंस.” आधण उतरल्यावर आप्पा काकवीची वाटी घेऊन आले आणि म्हणाले, “एकशे एकोणीस.” त्यांनी ते सगळा वेळ डोक्यात धरून ठेवलं होतं.

हे मला इतकं स्पष्ट आठवतं आणि तरीही पुढे मी जे केलं ते केलं.

पहिल्या वर्षाला असताना मी फुकटचे व्हिडिओ बघून एसईओ शिकले. वहीत सगळं लिहून घ्यायचे, परीक्षेचा अभ्यास करावा तसं. इंग्रजी शब्द मराठीत उच्चारासह लिहायचे. शिकवणारा सांगायचा, पहिलं काम ओळखीच्या माणसाचं करा, म्हणजे दाखवायला काहीतरी होईल. माझ्या ओळखीचा धंदेवाला माणूस एकच होता. मी गुऱ्हाळावर गेले आणि भूपालअण्णांना समजावू लागले.

“म्हंजे बोर्ड रंगवनार व्हय तू?”

“बोर्ड न्हाय अण्णा. कुणी फोनवर गूळ शोधला, की आपलं गुऱ्हाळ वर आलं पायजे.”

“वर म्हंजे कुठं? माडीवर?”

“यादीत वर. पहिल्या नंबरला.”

“मग पयला नंबर काय यादीत लावायचा? तो हितं हाय की, काहिलीपाशी हुबा,” असं म्हणून त्यांनी आप्पांकडे हात केला. भूपालअण्णा जैन शेतकरी, तीन पिढ्यांचं गुऱ्हाळ. बोलणं उसाच्या पाल्यासारखं, हात फिरवला की कापणारं. पण त्या दिवशी त्यांच्या आवाजात कौतुक होतं. “कर बाई काय करायचं ते. आमच्या गुळव्याची पोरगी कॉम्प्युटर शिकली, आमाला काय कमीपणा हाय व्हय?”

मग एका सुट्टीला जाऊन मी फोटो काढले. एक फोटो फार छान आला होता. वाफेत उभे आप्पा, डोक्याला पंचा, पाकाची बोटं वर धरलेली. काहीतरी ऐकत असल्यासारखा चेहरा. गुऱ्हाळासाठी मी वेबसाइटचं जे पान बनवलं, त्यात तो सगळ्यात वर लावला.

मग मजकूर लिहायला बसले. लोक काय शोधतात ते दाखवणारं एक साधन असतं, त्यात मी ‘गूळ’ टाकलं. ‘कोल्हापुरी गूळ’ शोधणारे होते, ‘पिवळा गूळ’ शोधणारे फारसे नव्हते. सगळ्यात जास्त माणसं शोधत होती ‘केमिकलमुक्त गूळ’. शिकवणारा म्हणायचा, लोक जो शब्द शोधतात तो शीर्षकात पाहिजे, पहिल्या ओळीत पाहिजे, फोटोखालीही पाहिजे. मी तिन्ही ठिकाणी घातला. ‘पिढीजात गुळव्याच्या हातचा शंभर टक्के केमिकलमुक्त गूळ.’ हे वाक्य लिहिल्यावर मी खुर्चीवर मागे रेलून बसले होते. चांगलं जमलं असं वाटलं होतं.

फोटो काढले त्या दिवशी मी गुऱ्हाळावर गेले होते ते विचारायलाच, असं मी पुढे बरेच दिवस स्वतःला सांगत राहिले. गुळात काय काय घालता, हा प्रश्न वहीत लिहिलेला होता. पण मी पोचले तेव्हा आधण चढलं होतं. फेस काठाला आला होता, आप्पांचं लक्ष नव्हतं आणि रीत म्हणून मी गप्प उभी राहिले. मग परतीच्या एसटीची वेळ झाली. विचारायचं राहून गेलं.

पान वर यायला दीड महिना लागला. आलं तेव्हा मी राजारामपुरीच्या चौकात उभी राहून तीन वेगवेगळ्या मैत्रिणींच्या फोनवर शोधून बघितलं. पुण्याहून, मुंबईहून कोकणात जाणाऱ्या गाड्या गुऱ्हाळापाशी थांबायला लागल्या. भूपालअण्णांचा फोन आला, “बाई, पावनं लई यायलेत गं. चहाला दूध पुरंना.” गुऱ्हाळावर आलेल्याला रस आणि गरम गुळाचा खडा दिल्याशिवाय सोडायचं नाही, ही त्यांच्याकडची दुसरी रीत. आप्पांचा फोटो सगळेजण ओळखत होते. माणसं त्यांच्या शेजारी उभी राहून फोटो काढून घेत. आई हसत सांगायची, “तुज्या बाला आता दाढी रोज कराय लागती.”

तो एक महिना. आयुष्यात इतकी खूश मी कधी नव्हते, असं लिहिताना आज संकोच वाटतो.

मग एका दुपारी क्लासमध्ये असताना फोनवर नवीन रिव्ह्यू आल्याचं दिसलं. मी बाकाखाली धरून उघडला. एक तारा. खाली लिहिलं होतं, ‘साइटवर केमिकलमुक्त म्हणून लिहिलंय. आम्ही लांबून आलो. हाच फोटोतला गुळव्या, यालाच विचारलं, तर पावडर घालतो म्हणून स्वतःच सांगतो. सरळ फसवणूक आहे. लहान मुलांना हे खायला घालू नका.’ आणि सोबत आप्पांचा फोटो. मी काढलेल्यासारखाच, वाफेतला. फक्त या फोटोत ते कॅमेऱ्याकडे बघत होते.

काय झालं ते मला नंतर भूपालअण्णांनी सांगितलं. पुण्याच्या एक बाई कुटुंबासह आल्या होत्या. आधण उतरल्यावर त्यांनी मोबाईलमधलं पान दाखवून विचारलं, “हे तुम्हीच ना काका? यात केमिकल नसतं ना?” आप्पा म्हणाले, “मीच की. पन पावडर घालतोय जरा. न्हाय घातली तर पिवळा कुठनं यायचा? मार्केट यार्डात काळ्या गुळाला कोन इचारतंय?” त्यांना पान वाचता आलं नव्हतं. आपल्या फोटोखाली काय लिहिलंय ते त्यांना माहीत नव्हतं. कुणीतरी विचारलं आणि त्यांनी उत्तर दिलं, एवढंच. एकशे एकोणीस सांगितलं होतं तसंच.

बाई म्हणाल्या, “म्हणजे तुम्ही खोटं बोलून गूळ विकता?”

भूपालअण्णा सांगत होते, “तुज्या बानं बघ, पंचा काढला डोक्याचा, तोंड पुसलं, परत बांधला.”

मी त्याच शनिवारी गुऱ्हाळावर गेले. रस्त्यातच पानावरचा तो शब्द सगळीकडून काढून टाकला होता. रिव्ह्यूखाली उत्तरही दिलं होतं, जसं शिकले होते तसं. ‘आपल्या अभिप्रायाबद्दल आभार. आम्ही गुणवत्तेबाबत कटिबद्ध आहोत.’ भूपालअण्णा उसाच्या गाडीपाशी होते. ते ओरडले नाहीत. ओरडले असते तर बरं झालं असतं.

“लिवलंस ते आमाला एकदा वाचून दावायचं हुतंस की गं,” एवढंच म्हणाले. “आमी काय लपवालोय व्हय कुनापासनं?”

आप्पा काहिलीपाशी होते आणि आधण चढलं होतं. मी समोर जाऊन उभी राहिले. मधे वाफ होती. मला काहीतरी बोलायचं होतं आणि बोलायचं नसतं. त्यांनी बोटं पाण्यात बुडवली, पाकात घातली, गोळी वळली, ताटात टाकली. ताट वाजलं. माणसं धावली, काहील उतरली, आणि त्या गडबडीतच आप्पा मला म्हणाले, “जेवलीस का?”

मी हो म्हटलं. मग आम्ही त्या विषयावर बोललो नाही. दोन वर्षं.

पण लोक बोलत होते. पान वरच होतं. रिव्ह्यूही वरच, कारण बऱ्याच जणांनी त्याला ‘उपयोगी’ म्हणून खूण केली होती. पुढच्या हंगामात येणारी माणसं मोबाईल हातात धरूनच यायची. त्यांना रीत ठाऊक नव्हती आणि ठाऊक असायचं कारणही नव्हतं. ती थेट काहिलीपाशी जायची आणि भर आधणात विचारायची, “काका, आता घालता का हो पावडर? किती घालता? दाखवा ना.” कुणी व्हिडिओ काढायचं. आप्पांनी आयुष्यभर विचारणाऱ्याला उत्तर दिलेलं. ते मान वळवायचे आणि उत्तर द्यायचे. त्या हंगामात एक आधण चिकट राहिलं, ढेप बसलीच नाही. मग एक करपलं. संक्रांतीच्या आत आणखी एक.

आई म्हणाली, “रातीचं झोपंत बी बोटं हलिवतात.”

कुणी त्यांना काढलं नाही. भूपालअण्णा तर म्हणाले होते, “आरं, दोन-चार आधनं गेली म्हनून काय हात गेला व्हय तुजा?” पण तोवर आप्पांनीच ठरवलं होतं. हंगाम अर्धा असताना ते घरी आले आणि पंचा खुंटीला अडकवला. आता त्यांच्याकडे दोन म्हशी आहेत, सकाळ-संध्याकाळ डेअरीला दूध घालतात. बरं चाललंय असं सगळे म्हणतात. दूध घालून परत येताना ते रस्त्याकडेला जरा थांबतात आणि वास घेतात, हे मला आईने सांगितलं. “वासावरनंच सांगत्यात, कुनाचा जाळ जास्ती हाय.”

आणि मी? मला पुढची कामं त्याच पानावर मिळाली. राजारामपुरीतल्या एका दातांच्या डॉक्टरांनी विचारलं, आधी काय केलंय, तर मी ते दाखवलं. कागलच्या पंचतारांकित एमआयडीसीतल्या एका फाउंड्रीच्या मालकांसमोर बसले होते तेव्हाही तेच. ते म्हणाले, “अरे वा, गुळाला पहिल्या नंबरला आणलंत? आणि हे काका कोण, मॉडेल का?” मी म्हटलं, “ओळखीचे आहेत.” हे दोन शब्द मी बोलले, त्या खोलीत, एसीच्या गारव्यात, आणि कुणी मला भाग पाडलं नव्हतं.

हल्ली मी कुणाचंही काम घेताना विचारते, हे तुम्ही सांगताय ते खरं आहे का. फाउंड्रीवाले हसले होते, “मॅडम, तुम्ही एसईओवाल्या की पोलीस?” मी वहीत लिहून घेते, वाचून दाखवते. लोकांना वाटतं मी नवखी आहे म्हणून घाबरते. तसंही असेल.

यंदा दिवाळीला घरी गेले तेव्हा भाऊबीजेच्या दुसऱ्या दिवशी, सकाळची धार काढून झाल्यावर, आप्पा माझ्याशेजारी पायरीवर येऊन बसले. वाऱ्यावर पहिल्या आधणाचा वास होता.

“ते अजून येतंय का गं वर?”

“कुठलं?”

“त्या बाईनं लिवलेलं.”

मी फोन काढला. त्यांनी चष्मा लावला. आप्पा चौथी शिकलेत, पण वाचायची सवय गेलेली. त्यांनी एकेका अक्षरावर बोट ठेवत तो सगळा रिव्ह्यू वाचला. ‘फसवणूक’ या शब्दाला खूप वेळ लागला. मग खालचं माझं उत्तर वाचलं.

“कटिबद्ध म्हंजे?”

“म्हणजे... कंबर कसून तयार.”

“कशाला तयार?”

त्यांनी फोन माझ्याकडे सरकवला.

“हे काडून टाक आनि मी सांगतो तसं लिव. लिवता येतंय न्हवं?”

मी भूपालअण्णांना फोन लावला, कारण पान त्यांच्या गुऱ्हाळाचं. मागे चरकाचा आवाज येत होता. ते म्हणाले, “खरं लिवायला माजी परवानगी कशाला पायजे गं? लिव की.”

आप्पा सांगत गेले, मी टाइप करत गेले. “आमी पावडर घालत हुतो. थोडी, पन घालत हुतो. पिवळा गूळ खपतोय म्हनून घालत हुतो. इचारलं त्याला सांगितलं, लपवलं न्हाय. ताई, तुमी लांबनं आलासा आनि मनाला लागलं, त्येचं वाईट वाटतंय.” मग मला म्हणाले, “खाली गुळव्या म्हनून लिव. नाव नगं.” मी हे कुठल्याच साधनात घालून बघितलं नाही. असं वाक्य कुणीच शोधत नसेल.

“आनि शेवटाला एक घाल. पानावरचं लिवलं त्यात पोरीची चूक न्हाय. तिला ठावं नव्हतं.”

मी तेही टाइप केलं. आणि त्यावर बोट ठेवून बसून राहिले.

कारण गुऱ्हाळात चुलवाणाच्या अलीकडे भिंतीला टेकून एक निळा डबा असायचा. झाकण घट्ट, बसायला बरोबर माझ्या उंचीचा. चौथीतले पाढे मी त्यावर बसून पाठ केले. आधण चढायच्या थोडं आधी आप्पा मला उठवायचे, झाकण काढायचे, पांढऱ्या पावडरीची चिमूट घ्यायचे आणि पुन्हा मला बसवायचे. वहीत प्रश्न लिहून मी गुऱ्हाळावर गेले होते, पण मला उत्तर माहीत होतं. आधण चढलं होतं हे बरं झालं, असं मला त्या दिवशी वाटलं होतं. हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही.

मी शेवटची दोन्ही वाक्यं पुसली आणि बाकीचं पाठवलं.

“वाच बघू,” आप्पा म्हणाले.

मी वाचलं. ते मान हलवत ऐकत होते, गोळी वाजल्यावर हलवायचे तशी. मी थांबल्यावर म्हणाले, “शेवटचं राह्यलं की.”

“आप्पा, मला ठावं होतं. तो डबा होता ना, निळा. मी त्यावर बसायचे.”

त्यांनी चष्मा काढला, पंच्याच्या टोकाने पुसला.

“व्हय की,” ते म्हणाले. “मीच बसवायचो तुला.”

आणि म्हशी सोडायला उठले.